टीव्ही उंचावर ठेव

या, अशा जवळ सरकून बसा माझ्या मायबापांनो! मेकाँगकाठच्या आमच्या गावातल्या पिंखामची गोष्ट सांगते. ऐकून ऊर भरून आला नाही तर मला बोल लावा!

पिंखामचा गळा असा, की भात सडताना ती नुसती गुणगुणली तरी शेजारणींचे हात थांबत... पण देवळातल्या आसनावर बसून बुद्धाच्या पूर्वजन्मीची कथा गाणं हा भिक्षूंचा मान, बाईमाणसाचा नव्हे. म्हणून तिनं आपला सगळा सूर धाकट्या भावाच्या, सीथोनच्या कंठात ओतला, आणि आई गेल्यावर त्याला विहाराच्या वाटेला लावून स्वतः शेताच्या चिखलात उतरली. ठरलेलं लग्नसुद्धा हसत मोडलं! बापानं, म्हाताऱ्या बुन्पोननं मात्र एकच धरून ठेवलं. "माझा एकुलता पोरगा तू पळवलास! त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

आता त्याच सीथोनची कथा मोबाइलवरून देशभर ऐकतात. यंदाच्या उत्सवाला गावानं त्याला बोलवायचं ठरवलं. पण कथेच्या प्रत्येक अध्यायाला एक घर यजमान असतं, आणि बापानं एका अध्यायाचं यजमानपण घेतलं तरच येईन, असा सीथोनचा निरोप होता. गावप्रमुख संध्याकाळी उत्तर न्यायला येणार होता...

दुपारी बुन्पोन नेहमीसारखा खुर्चीत रेलून, टीव्हीकडे पाय ताणून, बाजारातल्या मोबाइलवाल्यानं पेनड्राइव्हवर भरून दिलेलं बॉक्सिंग बघत होता. "अरे हाण ना! झोपलास का मेल्या?" त्या लढतीच्या मागोमाग पिंखामनं काय भरून आणलंय, हे त्याला कुठं ठाऊक!

लढत संपली. पडद्यावर भगवी वस्त्रं झळकली, आणि भिक्षूकडे पाय केलेत या जाणिवेनं म्हाताऱ्यानं चेहरा पाहण्याआधीच झटकन पाय पोटाशी घेऊन हात जोडले. मग चेहरा दिसला...

"बंद कर ते!" तो ओरडला, पण हात जोडलेलेच राहिले.

"महाराज बोलतायत, बाबा. मी कशी बंद करू?"

"मला फसवतेस?"

"हो. फसवते."

कथेतल्या, लेकरांना रानोमाळ शोधणाऱ्या राणीचा आक्रोश सीथोन गाऊ लागला, आणि बुन्पोन खुर्चीवरून कधी खाली जमिनीवर उतरला हे त्याचं त्यालाच कळलं नाही! कथा थांबवून सीथोन म्हणाला, "हा सूर माझा नाही, माझ्या बहिणीचा. मी जातो म्हटलं नव्हतं. तिनं मला धाडलं, आणि माझ्या वाटचं ओझं स्वतः उचललं."



"पोरी," म्हातारा तिच्याकडे वळला, "इतकी वर्षं मी तुला चोर म्हणालो... आणि तू ऐकून घेतलंस?"

"तुमचा राग माझ्यावर असला की त्याच्यावर उरत नव्हता, बाबा."

बुन्पोन डोळे पुसत खेकसला, "बघत काय बसलीस? टीव्ही उंचावर ठेव! महाराजांना आपल्या बरोबरीनं बसवतात का कुठं?"

संध्याकाळी गावप्रमुख दारात आला, तेव्हा म्हातारा ताठ मानेनं उभा होता. "राणीच्या अध्यायाचं यजमानपण या घराचं. पण भोंग्यावरून नाव माझं नको. पुकारायचं पिंखामचं... आणि चांगलं मोठ्यानं!"

बापांनो, आयांनो, कुठं कधी कथा ऐकायला बसलात, तर हात जोडताना आमच्या पिंखामची आठवण तेवढी ठेवा.