जुन्या बाटलीतली कोवळी वाइन

"घरात चोरी झाली आहे. ताबडतोब ये."

फोनवर सर होते. वाइनची पारख तिला त्यांनीच शिकवली होती. आज परीक्षक म्हणून तिचं नाव होतं, पण सरांचा आवाज चढला की अजूनही तिची तारांबळ उडायची. हातातलं काम टाकून ती निघाली.

दिवाणखान्यात सगळे तिचीच वाट बघत होते. सर खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या पत्नी, काकू, खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. अनेक वर्षांनी सकाळीच घरी आलेली मुलगी वडिलांच्या शेजारी बसली होती. तिची बॅगसुद्धा अजून उघडलेली नव्हती. आणि दाराशी किल्लीवाले. सरांचं वाइनचं दुकान होतं तेव्हापासून तळघराची किल्ली आणि देखभाल त्यांच्याकडे होती. दुकान बंद झालं, तरी त्यांचं येणं सुटलं नव्हतं. आज त्यांना कुणी बसायलाही सांगितलं नव्हतं.

"पोलिसांना कळवलंय," सर म्हणाले. "ते येण्याआधी तू चाख."

टेबलावर फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या पांढऱ्या वाइनची बाटली उघडून ठेवली होती. मुलीच्या जन्मवर्षाची. अशा बारा बाटल्या घेऊन, त्यांच्या बुचांवर स्वतःच्या हाताने लाल लाख ओतून, सरांनी त्या तळघरात ठेवल्या होत्या. मुलगी आली म्हणून आज पहिली उघडली होती.

तिने ग्लास उजेडात धरला. फिकट रंग, कडेला हिरवट झाक. वास लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा. घोट घेतला. चव स्वच्छ, आंबटसर आणि लगेच संपणारी.

"बाबा, जुनी वाइन कधी कधी तरुण राहते ना?" मुलगी म्हणाली. "तुम्हीच सांगायचात."

"तरुण राहणं वेगळं, बाळ. ही कोवळी आहे. कालपरवाची."

परीक्षकाने घाई केली नाही. ग्लास तसाच ठेवला. जुनी वाइन हवा लागली की हळूहळू उलगडते. बघू या.

"तळघराची किल्ली कुणाकडे असते, सर?"

"एक याच्याकडे. एक माझ्या खिशात. माझी मी कुणाला देत नाही."

"खरी वाइन कशी लागायला हवी होती?"

सरांचे डोळे मिटले. "आधी लिंबाची साल. अजून तजेलदार, वय विसरायला लावणारी. मग भाजलेला बदाम, थोडा मध. आणि ग्लासात जरा वेळ राहिली की ओल्या दगडाचा वास. गिळल्यावर जिभेच्या कडांवर बारीक खारटपणा." ते थांबले. "ती वाइन या माणसाने चोरली."

ती किल्लीवाल्यांकडे वळली.

"बाटलीतली वाइन तुम्ही बदललीत?"

"सर म्हणतात तर तसंच असेल."

"मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पोलिसांनाही मी हेच सांगेन, ताई."

"का पण?"

"दुसरं काय सांगू?"

तिने बूच उचललं. त्यावर वर्षाचा शिक्का होता, खालचं टोक जुनं, काळपटलेलं. बूच अस्सल होतं. पण त्याला बूच काढायच्या स्क्रूची दोन भोकं होती, एकमेकांना खेटून.

"बाटली कुणी उघडली?"

"मी," मुलगी म्हणाली. "एका झटक्यात निघालं."

ती तळघरात उतरली. उरलेल्या सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. लाख मात्र गुळगुळीत, चमकदार. पार मागे एकच बाटली निराळी होती: तिच्या लाखेला तडे गेलेले, तड्यांत धूळ बसलेली.

दुसरा ग्लास विसळायला म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. गॅसच्या शेगडीच्या कडेला लाल थेंब वाळून घट्ट बसला होता. तिने नखाने खरवडला. लाख.

मागे काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"त्यांच्यासमोर नको गं," त्या पुटपुटल्या.

"काकू, पोलीस त्या माणसाला घेऊन जातील."

काकूंनी ओट्याचा आधार घेतला.

ती बाहेर आली. मघाचा ग्लास पुन्हा हुंगला. तेच लिंबू, तेच सफरचंद. वाइन तसूभरही पुढे सरकली नव्हती.

"वाइन कोवळीच आहे, सर. तुमचं बरोबर आहे. पण चोरी झालेली नाही. तक्रार मागे घ्या, एवढंच—"

"माझ्यापासून लपवतेस? मी शिकवलं तुला. जिभेला जे कळलं ते तोंडाने सांगायचं."

तिने मुलीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. सुटकेची वाट कुठेच दिसेना.

"बूच जुनं आहे, पण आज दुसऱ्यांदा निघालं. एक भोक आजचं, एक आधीचं. लाख नवी आहे, आणि ती या घरातल्या शेगडीवर वितळवलेली आहे. म्हणजे बाटली उघडून रिकामी झाली, तिच्यात बाजारातली साधी वाइन भरली गेली, तेच बूच ठोकून वर लाख ओतली गेली. एक सोडून सगळ्या बाटल्यांचं हेच झालंय. भरल्या काकूंनी. किल्लीवाल्यांना ते माहीत होतं. चोरी नाकारली तर काकूंचं नाव घ्यावं लागेल, म्हणून ते गप्प राहिले."

मुलगी ताडकन उठली. "आई?"

"आणि रिकाम्या कुणी केल्या?" सरांनी विचारलं.

परीक्षक त्यांच्याकडे वळली.

"सर, पहिली बाटली आज उघडली म्हणता. मग ती आता कशी लागते, हे तुम्हाला कसं ठाऊक? भाजलेला बदाम, ओला दगड, जिभेच्या कडांवरचा खारटपणा... हा अंदाज नाही. ही चाखलेली चव आहे."

सरांनी खिसा चाचपला. किल्ली हाताला लागली. ती मुठीत धरून ते बसून राहिले.

काकू भिंतीकडे बघून बोलल्या. "हे संध्याकाळी खाली जायचे. आज पोरगी येणार म्हणून बाटली उघडायचे, मलाही घोटभर पाजायचे. इतके खूश असायचे! दुसऱ्या दिवशी काहीच आठवायचं नाही; जागा रिकामी दिसली की घर डोक्यावर घ्यायचे. मी, शेजारी, कामवाली, सगळे चोर. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका. मग मी जागा रिकामी राहूच दिली नाही." त्या किल्लीवाल्यांकडे वळल्या. "भाऊ, सकाळीच बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही."

"असू दे, वहिनी."

सर उठले. किल्लीवाल्यांचा हात धरून त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "माझं चुकलं रे," एवढंच म्हणाले. मुलीने डोळे पुसत पोलीस चौकीला फोन लावला आणि तक्रार मागे घेतली.

"एक खरी उरली म्हणालीस ना?" सरांनी विचारलं. "आण. सगळे आहोत तोवर उघडू या."

किल्लीवाल्यांनी ती वर आणली. लाख फोडली, बूच हळूहळू ओढलं. ग्लासात सोनेरी रंग उतरला. परीक्षकाने घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. आधी लिंबाची साल, तजेलदार. मग बदाम, मध. सगळं सरांनी सांगितलं तसंच, त्याच क्रमाने.

"बघितलंस?" ग्लास उजेडात धरलेल्या सरांचा चेहरा उजळला होता. "एवढं वय झालं, पण कंबर वाकलेली नाही बाईची!"

काकूही हसल्या. बऱ्याच वेळाने घरात कुणी हसलं होतं.

सर शेजारी येऊन बसलेल्या मुलीकडे झुकले. पाहुण्यांशी बोलावं तशा अदबीने म्हणाले, "घ्या ना, तुम्हीही घ्या. फक्त थोडी राहू द्या हं. माझी मुलगी यायची आहे."

मुलीने हातातला ग्लास खाली ठेवला.

"हो," मुलगी म्हणाली. "ठेवते."

तिने बूच उचलून बाटलीच्या तोंडावर ठेवलं. ते फुगलं होतं, आत जाईना. तरी ती दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिली.