आत्याबाईंनी घेतलेलं नाव

"बँकेतून परत आलो का पेटी भर अन् सावनेरले आपल्या बापाकडं जाय," मधुकरराव म्हणाले आणि आईचं पासबुक त्यांनी वच्छलेच्या पुढ्यात टाकलं.

तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली. मामाजी, म्हणजे तिचे सासरे, गेल्यावर नरखेडकडचा संत्र्याचा बगीचा विकून सगळा पैसा सासूच्या, आत्याबाईंच्या म्हातारपणासाठी बँकेत सुभद्राबाई या त्यांच्या नावाने ठेवला होता. कोणी एक बाई डोईवरून तोंडापर्यंत पदर ओढून तिथे गेली, 'मीच सुभद्राबाई' म्हणाली, अंगठा उठवला आणि सारं काही घेऊन गेली. पासबुक असायचं देवघराच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला. मग संशय दुसऱ्या कोणावर जाणार? पंधरा वर्षांचा संसार... आणि या माणसाने एकदा डोळ्याला डोळा देऊन विचारलंसुद्धा नाही, याचंच तिला जास्त लागलं.

विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती? महालक्ष्म्यांच्या गडबडीत किल्ली तिनेच सणाला आलेल्या नणंदेच्या, गोपिकेच्या हाती दिली होती, आणि पासबुक परत ठेवताना तिला वच्छलेनेच पाहिलं होतं. पोटुशी पोर, पायांना मिठी मारून रडली. "वैनी, दुकानासाठी पैसा आणला नाही तर उंबरठ्यावर पाय ठेवू नको म्हनते तो. मायले समजलं तर मी सक्करदऱ्याच्या तलावात जीव देईन वं." वच्छलेने कोणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला. आता त्या शब्दापायी घर सुटायची वेळ आली होती, तरी तो मोडावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

बँकेत साहेबांच्या खोलीत आत्याबाई, मधुकरराव आणि वच्छला बसले. पैसे देणारा नवा कारकून शालिकराम दाराशी घाम पुसत उभा होता.

"अंगठा पुसट उठलाय," साहेब म्हणाले. "पण यानं खातरजमा केली होती म्हणतो. सांग रे, कशी केलीस?"

"नवऱ्याचं नाव विचारलं साहेब. बाई लगेच बोलली, महादेवराव. जराशीबी अडली नाही. म्हून देल्ले पैसे."

आत्याबाईंनी हळूहळू मान वर केली.

त्यांच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि सासऱ्याचं नाव सुनेच्या ओठांवर येणं तर शक्यच नव्हतं. माणसं पचमढीला महादेवाच्या यात्रेला निघाली तरी या दोघी 'भोलानाथाची यात्रा' म्हणत. लग्नात उखाण्याला बसवलं तेव्हाही आत्याबाई तोंडाला पदर लावून गप्प राहिल्या होत्या. इथे बँकेत जुने कारकून आनंदराव स्वतःच नाव वाचून दाखवायचे आणि आत्याबाई नुसती मान हलवायच्या. न अडखळता नाव घेणारी ती बाई सासूही नव्हती आणि सूनही नव्हती. त्या घरात मामाजींचं नाव बेधडक घेणारी एकच होती, त्यांची लाडकी लेक.

आत्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. वच्छलेने डोळे खाली घातले, आणि तेवढ्याने म्हातारीला सगळं उमगलं. कोणी केलं, कोणाला माहीत होतं आणि कोण कोणासाठी मुकाट्याने घराबाहेर पडायला निघालं होतं, तेही.

"पोलिसांत देतो," साहेब म्हणाले. "पुसट असला तरी ते अंगठा ओळखतील. जी कोणी असेल ती तुरुंगात जाईल."

"नोका देऊ," आत्याबाई म्हणाल्या. "मीच आली होती पैसे न्याले."

"माय!" मधुकरराव ओरडलेच. "काहून खोटं बोलून राहिली? तुया तोंडून बाबाचं नाव निघन काय कधी?"

साहेबांनाही ते पटलं नव्हतं. "आजी, याने ऐकलं तसं आम्हाला सांगा. नवऱ्याचं नाव काय?"

आत्याबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळात जाताना काढतात तशा चपला काढून बाजूला ठेवल्या. ओठ हलले, आवाज आला नाही. वच्छलेला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा... सांगावं की नका, मी जाते सावनेरला, पण तुमचा नेम मोडू नका.

"महादेवराव," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या मालकाचं नाव महादेवराव."

खुर्चीच्या पाठीला धरून उभी असलेली ही वाळकी म्हातारी आपली सासूच आहे का, असं वच्छलेला वाटून गेलं. उभा जन्म जपलेलं सासूने एका शब्दात देऊन टाकलं होतं, लेकीसाठी आणि सुनेसाठी. वच्छलेचे हात आपोआप जोडले गेले. खातेदारच कबूल म्हटल्यावर साहेबांनी कागद मिटला.

चपला घालता घालता आत्याबाई म्हणाल्या, "साहेब, अंगठेवाल्यायच्या पासबुकावर फोटो लावत जा. नाव काय, कोनीबी सांगते."

पायऱ्यांवर त्यांनी मुलाला थांबवलं. "तुयी बायको सासऱ्याचं नाव घेते काय गा? येवढं तरी समजाले पायजे होतं तुले."

मधुकरराव पायरीवरच बसले. मग उठले आणि सायकलरिक्षाला हात करून त्यांनी आधी बायकोला बसवलं. "चूक झाली वच्छला," एवढंच म्हणाले.

रविवारी निरोप गेल्यावर गोपिका आली. आईपुढे वाकली तशी आत्याबाईंनी तिला धरून वच्छलेसमोर उभं केलं. "पाया पडाचं तं इच्या पड." वच्छलेने तिला वाकू दिलं नाही, उराशी धरलं, आणि दोघी कितीतरी वेळ रडत राहिल्या. बाळंतपण इथेच करायचं, दुकानवाल्या जावयाशी आपण बोलू, असं मधुकररावांनी ओसरीतूनच सांगून टाकलं.

दिवेलागणीला आत्याबाई मामाजींच्या तसबिरीपुढे दिवा लावत होत्या.

"वच्छला, त्या दिवशी नाव घेतलं... कसं लागलं वं कानाले?"

"लय गोड लागलं, आत्याबाई."

आत्याबाईंनी पदराने तसबिरीची काच पुसली. "उखान्यात घे म्हून मालक किती मागं लागले होते. एकदा तरी ऐकवाले पायजे होतं त्याहीले."