पावणा आणि स्पिरिटची बाटली

केळं कुस्करलं, मीठ घातलं, भांडी घासायचं लिक्विड घातलं, गाळूनही झालं... आणि पिशवीत हात घातला तेव्हा कळलं, स्पिरिटची बाटली घरच्या फ्रिजमध्येच राहिलीय. अंकुशनगरच्या सभागृहात बाया-पोरी टक लावून बसलेल्या. केळ्यातला डीएनए नुसत्या डोळ्यांना दाखवते, असं मीच छातीठोक सांगितलेलं. थंडगार स्पिरिटशिवाय आता काय दाखवू, कप्पाळ?

"मी आणू का?" शेवटच्या रांगेतून एक जण उठला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण केस विस्कटलेले. "गाडी हाये."

"कॉलनीत निळं दार. आईला म्हणा, चिन्मयीची बाटली द्या. अन् जल्दी या."

तो हसला आणि पुढचं काही न विचारताच निघाला. हसताना एकाच गालावर खळी पडते, हे मला उगाचच दिसलं.

खरं तर त्याच दुपारी मला बघायला अंबडहून पाहुणे यायचे होते. मुलाचा फोटो मी बघितलाही नव्हता. जालन्याच्या बियाणं कंपनीतली लॅब सोडून मी गावोगाव विज्ञान सांगत फिरणार, हे ऐकून आधीची स्थळं चहा संपायच्या आत उठली होती. म्हणून आईनं बजावलं होतं, "लग्न होईस्तोवर त्या विषयावर बोलू नको, बाई."

बाटली आली. स्पिरिट ओतलं आणि ग्लासात पांढरे धागे हळूच वर तरंगले.

"अगंबाई! हे माझ्यातबी असतंय?" पुढच्या मावशींनी विचारलं.

"बिलकुल असतंय, मावशी." त्यांचा चेहरा बघून मी पाहुणे-बिहुणे सगळं विसरले. यासाठीच तर मला जगायचं होतं.

सगळे गेल्यावर तो ग्लास विसळायला थांबला.

"तुमच्या आईनं निरोप दिलाय. पावणे आलेत, लवकर ये." तो थांबला. "मला बघून गडबडल्याच त्या. गाडी लावायला गेलेला पावणा बाटली मागून राह्यला म्हणल्यावर..."

"म्हणजे तुम्ही—"

"वरद. आई-बाबांना दारात सोडलं, अन् तुमचं पोस्टर बघून इकडंच आल्तो."

माझे कान तापले. तरी बोलले. "मी लॅब सोडून राह्यले. हेच करणार. आईनं सांगू नको म्हटलंय."

"मंग मला का सांगितलं?"

"तुम्हाला... न्हाई फसवायचं."

त्यानं विसळलेला ग्लास पालथा ठेवला. मग हळूच म्हणाला, "घरी मी सांगू?"

"न्हाई. काम माझं हाये. मीच सांगते."

घरी गेल्या गेल्या एका दमात सांगून टाकलं. आईनं स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटले. माझ्या बाबांचा कप अर्ध्यात थांबला. वरदची आई मला निरखत राहिली.

"कामाचं कळलं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोराचं काय?"

भरल्या सभेत तासभर बोलणारी मी... समोरचे कप उगाच सरळ करत बसले. वरद मान खाली घालून बसला होता, पण खळी लपत नव्हती.

"मला आवडले," मी म्हणाले.