दोन बाटल्या ताजं पाणी

कॅप्टन दरीत पडली, यावर सगळ्यांचं एकमत होतं. अडचण एवढीच होती, की दरीत कॅप्टन नव्हती.

सायकल सापडली होती, पिशव्यांसकट. घाटातल्या मोठ्या वळणावर कठड्याखाली ती उताणी पडली होती. त्याच्याही खाली एका काटेरी झुडपावर कॅप्टनचं पिवळं जाकीट लटकत होतं आणि वाऱ्यावर बाह्या हलवून शोधणाऱ्यांना आणखी खाली बोलावत होतं. सकाळपासून माणसं दोराला धरून उतरत होती आणि फक्त चिखल घेऊन वर येत होती. आता दुपार कलली होती. दरीतलं धुकं न विचारता वर चढायला लागलं होतं.

"अंधार पडला की दोर गुंडाळायचे," फौजदार म्हणाले. "मग उद्या पाहू."

हा 'उद्या' त्यांनी अशा आवाजात उच्चारला, की कॅप्टनची धाकटी बहीण मटकन कठड्यावर बसली. त्याच वेळी एक जुनाट गाडी धापा टाकत येऊन थांबली.

गाडीतून वहिनी उतरल्या. खाजगी तपास हा त्यांचा धंदा. वहिनी त्या खरं तर एकाच माणसाच्या होत्या, म्हणजे गाडी चालवत आलेल्या निवृत्त दंतवैद्यांच्या. पण ते हाक इतक्या मोठ्याने मारत, की सगळं शहरच त्यांचं दीर झालं होतं. दंतवैद्य प्रत्येक तपासाला सोबत येत. त्यांना वाटे, आपण मदत करतो. वहिनींना वाटे, घरी बसले तर शेजाऱ्यांचे दात तपासत बसतील, त्यापेक्षा बरं.

"वहिनी, मीच विश्रामगृहातून फोन केला होता," धाकटी म्हणाली. "हे लोक ताईला शोधत नाहीयेत. ताईचं प्रेत शोधतायत."

"दोन्हींत फरक आहे," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."

दर वर्षी बायकांचा एक सायकलमेळावा भरे. सगळं बिऱ्हाड सायकलवर लादायचं, शनिवारी घाट चढून वरच्या विश्रामगृहात मुक्काम करायचा आणि रविवारी उतरायचं. नवरे, मुलं, सासवा कोणीही बरोबर नको, हा एकमेव नियम. या वर्षी वीसजणींनी नावं दिली आणि ऐन वेळी सतराजणींकडे पाहुणे आले. उरल्या कॅप्टन, धाकटी आणि शाळेतल्या एक गणिताच्या बाई, ज्या पहिल्यांदाच आल्या होत्या. चौथी म्हणजे मेकॅनिकबाई. सगळ्यांच्या सायकली तिच्याच दुकानातल्या. ती सायकल चालवत नसे. व्हॅन घेऊन घाटाच्या पायथ्याशी थांबे.

"आज पहाटे मी उठले तर ताईचा बिछाना रिकामा. रखवालदार म्हणाला, मॅडम आत्ताच सायकलवर गेल्या. आम्ही मागोमाग निघालो, आणि इथे..." धाकटीने कठड्याखाली बोट केलं.

वर काढून ठेवलेल्या सायकलीपाशी वहिनी उकिडव्या बसल्या. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं वळलं होतं. पिशव्या जागच्या जागी होत्या. हँडलच्या पिशवीला लाल शिट्टी बांधलेली होती.

"ही कशाला?"

"प्रत्येकीकडे असते. घाटात फोन लागत नाही ना. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, मदत हवी. दोन म्हणजे सगळं ठीक."

सीटची काळी दांडी जिथे सायकलीत शिरते, तिथे नेमकी एक तांबडी रेघ होती, नेलपॉलिशने मारल्यासारखी. त्याखाली बाटल्यांचे दोन स्टँड होते, रिकामे. त्यांचे रबरी पट्टे उघडून व्यवस्थित बाजूला अडकवलेले होते.

"बाटल्या?"

"उडाल्या असतील," फौजदार म्हणाले.

"पट्टे सोडून, परत नीट लावून उडाल्या? फारच शिस्तीच्या बाटल्या."

फौजदारांनी दोराकडे पाहण्याचं काम हाती घेतलं.

मेकॅनिकबाई कठड्याला टेकून दरीत पाहत होती. ठेंगणी, दणकट, नवी पांढरट विजार घातलेली. दोर कुठे सोडायचा, हे सकाळपासून तीच माणसांना सांगत होती. आणखी खाली, आणखी खाली.

"तुम्ही कुठे होता?"

"पायथ्याशी. व्हॅनमध्ये झोपले होते. बोलावणं आलं तशी वर आले."

"सायकल नाही चालवत?"

"गुडघा गेलाय. तीन वर्षांत टांग मारली नाही. आणि हे बिऱ्हाड लादून हिंडायचं खूळ तर माझं कधीच नव्हतं. दुकानात मी सायकल नागडीच घेते. पिशव्या, बाटल्या, झुरळं, सगळं घरी ठेवून यायचं, असा नियमच आहे माझा."

"ही तांबडी रेघ?"

"माझीच." तिचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "माप घेऊन सीट बसवते आणि रेघ मारते. कोणी हलवली तरी पुन्हा जागेवर येते. माझ्या दुकानातून रेघेशिवाय सायकल बाहेर पडत नाही."

दंतवैद्यांनी वहिनींना बाजूला ओढलं. "वहिनी, तिला कुत्रा चावलाय."

"कशावरून?"

"विजारीवर. उजव्या पायाला, आतल्या बाजूने, काळे ठसे आहेत दातांचे. ओळीने, अगदी सारखे. पण कुत्रा विचित्र आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याला सुळेच नाहीत!"

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "भाऊजी, तुम्ही घरी बसत नाही, हे किती बरं आहे."

गणिताच्या बाई दगडावर बसून थरथरत होत्या, आणि थरथरतानाही तक्रार करत होत्या.

"मला वाटलं सहल असेल! निघतानाच कॅप्टनने माझी सीट खाली करायला लावली. म्हणे सामान लादलं की सीट एक बोट खाली घ्यायची, नाहीतर तोल गेल्यावर पाय टेकत नाही. स्वतःचीही केली. दिवसभर गुडघे हनुवटीला लागत होते माझ्या."

"कॅप्टन कोणाशी भांडली होती?"

"भांडली नाही. पण जेवताना म्हणाली, उद्या न्याहारीला एक वाईट गोष्ट सांगायची आहे, त्याआधी सकाळी एकीशी बोलून घेते. मला वाटलं, मलाच घरी पाठवतेय." बाईंनी नाक पुसलं. "त्या मागच्या वर्षीच्या अपघाताचं काहीतरी होतं. नव्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा फोर्क उतारावर तुटला आणि एका मुलीचा जबडा फुटला. कॅप्टन वर्षभर तो तुटका फोर्क घेऊन कारखान्या-कारखान्यांतून विचारत हिंडत होती."

विश्रामगृहाचा रखवालदार फाटकापासून पायवाटेने खाली आला होता. डोंगर सरळ उतरणारी ती पायवाट याच वळणावर निघे. रस्ता मात्र लांबलचक वळसा घालून येई. त्याने पाहिलं ते एवढंच. झुंजुमुंजू झालं होतं. पिवळं जाकीट, त्याचंच टोपडं डोक्यावर ओढलेलं, पिशव्या लादलेली सायकल. "मी हात केला. मॅडमनी मान वळवली नाही. काल तर माझ्या कुत्रीचीसुद्धा चौकशी करत होत्या."

वहिनी धाकटीजवळ बसल्या. "तुमच्या बाटल्या कधी भरल्या होत्या?"

"काल संध्याकाळी. नळाला गंज येतो, म्हणून मागच्या रानातल्या टाक्यावर गेलो होतो. झऱ्याचं दगडी टाकं आहे, लोखंडी झाकणाचं. ताईने नाही भरल्या. ती रात्रीचं पाणी पीत नाही. लहानपणापासूनचं खूळ. सकाळी उठून ताजं भरणार, मगच निघणार. आई म्हणायची, हिला विहिरीलाच द्यायला हवी."

बोलून गेल्यावर धाकटीने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"टाक्याकडे पाहिलंत का कोणी?"

"कशाला? ती तर सायकलवर गेली ना..."

"कालचा फोटो आहे?"

होता. विश्रामगृहाच्या पायरीशी तिघी. खांबासारखी उंच कॅप्टन सायकलवर बसलेली, एक पाय जमिनीवर, दोन्ही स्टँडमध्ये स्टीलच्या बाटल्या. वहिनींनी बोटांनी फोटो मोठा केला. सीटची दांडी सायकलीत शिरते तिथे काळी होती. कोरी काळी.

वहिनी उठल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"फौजदारसाहेब, दोर काढा दरीतून. सगळी माणसं त्या पायवाटेने वर पाठवा. धाकटे, तू पुढे हो, टाकं दाखव. शिट्टी आहे ना? पळ!"

धाकटी पळाली. तिच्यामागे रखवालदार, आणि दोर घेतलेली माणसं. मेकॅनिकबाईही वळली, पण पायवाटेकडे नाही, व्हॅनकडे. दंतवैद्य व्हॅनच्या दारालाच टेकून उभे होते. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांची कंबर दुखत होती.

"तुम्ही थांबा," वहिनी तिला म्हणाल्या. "शिट्टी वाजेपर्यंत तरी."

धुकं कठड्यावरून रस्त्यावर आलं होतं. वरचं काही दिसत नव्हतं.

"हे काय चाललंय?" फौजदारांनी विचारलं.

"कॅप्टन या वळणापर्यंत आलीच नाही. सायकल दुसऱ्या कोणी आणली. कॅप्टन कालपासून सीट एक बोट खाली करून चालवत होती; फोटोत तांबडी रेघ सायकलीच्या आत गेलेली आहे, दिसत नाही. आज ती दिसते. पडल्यावर सीट खाली सरकेल एक वेळ. वर कशी चढेल?"

"म्हणजे कोणीतरी हलवली."

"जिचे पाय पोचत नव्हते, तिने. आधी आणखी खाली घेतली, इथवर आली, आणि सायकल ढकलण्याआधी सीट पुन्हा जागेवर लावली. बरोबर रेघेवर. गणिताच्या बाईंनी असं केलं नसतं. सामान लादल्यावर रेघ चुकीची असते, हे त्यांचे गुडघे अजून सांगतायत. धाकटीनेही केलं नसतं. हे तिनेच केलं, जिने ही सायकल कधी लादलेली चालवली नाही, जी तिला फक्त दुकानातली म्हणून ओळखते. नागडी. म्हणूनच बाटल्या नाहीत, हेही तिच्या लक्षात आलं नाही. तिच्याकडे सायकली बिनबाटलीच्याच येतात."

मेकॅनिकबाई हसली. "सीटवरून मला फाशी देणार? मी पायथ्याशी होते. मला चालवता येत नाही."

"व्हॅन याच वळणावर होती, नाहीतर सायकल ढकलून तुम्ही वेळेत पायथ्याशी पोचला नसता. तुम्ही पायवाटेने वर गेलात. ठरलंच होतं तसं, न्याहारीआधी बोलायचं. तो तुटलेला फोर्क मुळात जुना होता, रंगवून तुम्ही नवा म्हणून बसवला होतात, हे कॅप्टनला कळलं होतं. ती टाक्यावर पाणी भरत होती. नंतर सामान लादलेली सायकल आणि त्यावर टाकलेलं जाकीट तुम्हाला आयतंच मिळालं. आणि चालवता येत नाही म्हणता, तर उजव्या पायाला हे काय चावलंय? भाऊजी म्हणतात, कुत्रा. पण सुळे नसलेला, सगळे दात सारखे असलेला प्राणी एकच. सायकलचं दातेरी चक्र. अवजड सायकलवरून घाईत पाय टेकला की ते पोटरीला आतून चावतं."

मेकॅनिकबाईने खाली पाहिलं. हात नकळत विजार झटकायला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"मी ढकललं नाही," ती हळूच म्हणाली. "ती वाकली होती. मी दंड धरला. तिने तो झटकला."

"आणि झाकण?"

मेकॅनिकबाईने तोंड फिरवलं.

"झाकण कोणी लावलं?"

वाऱ्यालाही जणू ते ऐकायचं होतं, तो थांबला. फौजदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. गणिताच्या बाई तक्रार करायचं विसरल्या होत्या.

मग वरून, धुक्यातून, शिट्टी आली. एक. लांब.

कोणी हललं नाही. एक म्हणजे थांबा, मदत हवी. एक म्हणजे काहीही असू शकतं. दंतवैद्यांनी वहिनींचा हात धरला, आणि वहिनींनी तो काढून घेतला नाही.

मेकॅनिकबाई पुटपुटत होती. काय, ते कळत नव्हतं. पण ती वर बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

मग पुन्हा शिट्टी वाजली. दोन. लागोपाठ, वेड्यासारख्या.

फौजदारांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मिशा हलल्या. गणिताच्या बाई रडायला लागल्या. आणि त्या सगळ्या गोंधळात आणखी एक शिट्टी आली. बारीक, फुसकी, मध्येच तुटलेली.

"तिसरी?" बाईंनी डोळे पुसत विचारलं. "तीनचा अर्थ मला शिकवलाच नाही कोणी."

"ही मोजायची नाही," वहिनी म्हणाल्या आणि कठड्यावर टेकल्या. "ही दुसऱ्या कोणाच्या तरी फुंकेची आहे."