डाव्या हाताची कात्री

या, जरा सरकून बसा. देवाचं नाव मनात असू द्या आणि कान इकडे. एका मुलीला तिचाच हात परत कसा मिळाला, ते सांगते.

शिंप्याची लेक ती. कापडावर खडूने रेघा आखायची झकास, पण कापताना कात्री रेघेवरून घसरायचीच. एका मळभ आलेल्या दुपारी तिने गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही वाया घालवली. वडील एवढंच म्हणाले, "उद्यापासून काजं-बटणं कर, बाई. कापणं तुझ्या हातात नाही."

तेवढ्यात दारात धारवाला आला. तिची कात्री चाकाला लावता लावता थबकला.

"ही वापरतं कोण? पात्यांशी भांडण असल्यासारखी झिजलीय."

"मी. आणि भांडण तिनं सुरू केलं."

तो हसला, हातातलं फडकं तिच्याकडे फेकलं. तिने झेललं — डाव्या हाताने.

"डावखुऱ्या आहात?"

"होते... लहानपणी बाबांनी सवय मोडली. माझ्याच भल्यासाठी."

"हात मात्र विसरला नाही."

मग तो उगाचच येऊ लागला. "आता काय सुयांना धार लावतोस?" वडील विचारायचे. ती मान खाली घालून हसायची.

एक दिवस त्याने स्वतः घडवलेली कात्री आणली, पाती डाव्या हातासाठी उलटी बसवलेली. तिने डाव्या हातात धरली आणि तिला रेघ साधली. इतकी वर्षं उजवा हात ती रेघ चुकवत होता! कापड सरळ कापलं गेलं. वडिलांनी त्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते आत गेले.

तो हळूच म्हणाला, "माझ्या गावी चला ना... घर आहे, आई आहे. कापायची दगदग तुम्हाला पडू देणार नाही."

तिचा चेहरा उतरला. "मग ही कात्री का केलीत?"

बाहेर पावसाची बुरबुर सुरू झाली होती.

"यावंसं वाटतं हो," ती म्हणाली, "फार वाटतं. पण मी शहरातल्या कारागिराकडे कोट शिकायला जाणार आहे. तुम्हीही... माझ्या भल्याचंच सांगताय."

त्याने कात्रीचा स्क्रू शेवटचा आवळला, मूठ तिच्याकडे करून दिली.

"हिला कुणाकडेही धारेला देऊ नका. बिघडवतील."

"मग कोण लावणार?"

त्याने चाक खांद्यावर घेतलं आणि भिजत निघून गेला.

पुढे तिने पुष्कळ कोट कापले, धारही स्वतःच लावायला शिकली. रस्त्यावर चाकाचा आवाज आला, की तिची कात्री अजून मध्येच थांबते.

देवापुढे दोन्ही हात जोडाल ना, तेव्हा त्या धारवाल्यालाही आठवा.