बाबांनी निवडलेला कॅम

धाकट्याने तेलाने माखलेला कॅमशाफ्ट जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या ताटाशेजारीच आणून आदळला, आणि पोळी वाढणाऱ्या ताईने तो लगेच ओळखला!

"बाबा, हा तुम्ही निवडलेला कॅम आहे का, सांगा," तो म्हणाला. "शर्यतीआधी ताईने बदललाय. गुपचूप."

बाबांनी हातातला घास खाली ठेवला, तो लोखंडी दांडा उचलला आणि त्याच्या उंचवट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. इंजिनाचे व्हॉल्व्ह किती उघडायचे नि किती वेळ उघडे ठेवायचे, हे त्या उंचवट्यांवर ठरतं. नुसता अंगठा फिरवून कॅम ओळखणारे वस्ताद म्हणून कुठून कुठून लोक आपल्या जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या घेऊन त्यांच्या दारात येत.

"मी उंच कॅम सांगितला होता," बाबा म्हणाले. "हा तर बाजारहाटाच्या गाडीचा. पोरी, माझा शब्द मोडलास तू?"

बाबांनी उंच कॅम सांगितला होता, हे खरंच होतं... पण तो धाकट्याच्या या गाडीसाठी नव्हताच मुळी. तिच्या बॉनेटवर हात ठेवून ते बोलत होते ते त्यांच्या तरुणपणच्या गाडीबद्दल. ती सपाट, सरळ रस्त्यावर पळायची आणि तिच्या पिस्टनना व्हॉल्व्हसाठी खाचा कोरलेल्या होत्या. धाकट्याची गाडी घाटात पळणारी, वळणामागून वळण घेणारी. तिला खालच्या वेगातच ओढ हवी. शिवाय तिचे पिस्टन सपाट. उंच कॅम बसवला तर व्हॉल्व्ह सरळ त्यांच्यावर आदळणार. हे सगळं ताईला लहानपणी खोक्यावर उभं करून शिकवलं होतं ते बाबांनीच, आणि आता तेच विसरले होते.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. आवळलेला नट ते पुन्हा सैल करून ठेवत, ऑइल न भरताच गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करायला निघत. आणि ते हात धुवायला आत गेले की ताई हळूच जाऊन सगळं नीट करी. डोळ्यांत तेल घालून! दुसऱ्या शहरातल्या मोठ्या गॅरेजने मानाने बोलावलं, तर नाही म्हणाली. बाबांच्या मागे कोण फिरणार? वस्तादांचा हात अजून तसाच आहे, असं लोक म्हणत, तेव्हा ती मान खाली घालून हसे. शर्यतींपुरता घरी येणाऱ्या धाकट्याला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तो शर्यत थोडक्यात हरला होता. हरलेल्या माणसाला कुणावर तरी खापर फोडायला हवं असतं ना!

"तुला गॅरेज हवंय," तो म्हणाला. "बाबांना खोटं पाडलं की तू मालकीण."

बाबा उठले. उद्यापासून माझ्या हत्यारांना हात लावायचा नाही, एवढंच म्हणाले. ताईने ताटं उचलली, मोरीत नेऊन ठेवली, आणि नळ सोडून घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी बापलेक मिळून तो उंच कॅम बसवायला लागले. बाबांचा चेहरा काय फुलला होता! किती वर्षांनी मुलगा त्यांना विचारून विचारून काम करत होता. ताईने धाकट्याला दंडाला धरून दारापाशी ओढलं. नको बसवूस, व्हॉल्व्ह आदळतील, एवढं माझं ऐक, म्हणून विनवलं. बाबांपेक्षा तुला जास्त कळतं का, एवढंच त्याने विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं... बाबांना आता आठवत नाही रे! ते वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात बाबा फडक्याला हात पुसत वळले, आणि काय कुजबुज चाललीय दोघांची, म्हणून लहान मुलासारखे हसले. ताईने ते वाक्य गिळलं. चुकली म्हणा हवं तर! पण तो हसरा चेहरा स्वतःच्या हाताने विझवायचा... तिला नाही जमलं.

नवा कॅम बसवला की इंजिन आधी हाताने फिरवून, कुठे काही अडत नाही ना, बघायचं असतं. बाबा तेही विसरले, आणि धाकट्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने थेट स्टार्टर मारला. क्षणभर गाडी गर्जली, मग लोखंडावर लोखंड फुटल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

हेड उघडलं. व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनला भोक, सिलिंडरला तडा. तसलं इंजिन आता कुठे बनतही नव्हतं. धाकट्याची शर्यत कायमची संपली.

बाबांनी वाकून आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"या पिस्टनना खाचा नाहीत. असल्या इंजिनाला इतका उंच कॅम कुठल्या गाढवाने निवडला?"

ते मनापासून विचारत होते. धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे... आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"मी, बाबा," ताई म्हणाली.

इतकी वर्षं शिकवलं ते सगळं पाण्यात गेलं, असं बडबडत बाबा आत गेले. धाकटा तिथेच फरशीवर बसला आणि ताईच्या गुडघ्याला डोकं लावून हमसून हमसून रडला. काय काय बोललो मी तुला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ताईने त्याच्या केसांतून हात फिरवला. तिला स्वतःला रडूही येत नव्हतं.

"तुझं इंजिन मला वाचवता आलं असतं रे," ती म्हणाली. "बोलले नाही मी."

बाबा बाकी सगळं विसरले, पण ते फुटलेलं इंजिन मात्र त्यांच्या मनातून जाईना! रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये येत आणि नव्याने संतापून विचारत, तो कॅम कुणी निवडला? रोज ताई म्हणे, मी. आणि रोज तीच बोलणी खाई.

एका सकाळी तिने तोंड उघडण्याआधी धाकटा पाना खाली ठेवून पुढे आला.

"मी निवडला, बाबा. ताई नको म्हणत होती."

बाबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मग तिचं ऐकायचं होतंस," ते म्हणाले. "तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

ताई भिंतीला टेकली. आयुष्यभर जे ऐकायला तिचे कान आसुसले होते ते असं, चहा पिता पिता, सहज बोलून बाबा आत निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप घेऊन आले, पुन्हा तोच प्रश्न!

धाकटा परत गेलाच नाही. आता रोज तोच पुढे होतो. "मी निवडला, बाबा, ताई नको म्हणत होती," असं म्हणतो आणि बाबांच्या तोंडाकडे बघत थांबतो. ताईही हातातलं काम थांबवते. बाबा कधी त्याच्यावर रागावतात, कधी नुसतीच मान हलवून आत जातात. "तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं" हे वाक्य काही पुन्हा आलं नाही.