आधी लिफ्ट सुरू करा

दातांच्या दवाखान्यात प्रेमात पडता येतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. आई आत डॉक्टरांच्या खुर्चीत, मी बाहेर. भिंतीवरच्या टीव्हीवर माझी लाडकी विनोदी मालिका लागलेली – ‘चौथा मजला, लिफ्ट बंद’ – आणि मेला आवाजच बंद. पडद्यावर वसंतराव नेहमीसारखे शालिनीबाईंच्या दारात येऊन उभे राहिले, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून हुबेहूब त्यांच्यासारखा, नाकातला आवाज आला, “आपलं जमेल का हो?”

माझ्या तोंडून शालिनीबाईंचं ठरलेलं उत्तर आपसूक गेलं, “आधी लिफ्ट सुरू करा, मग बघू.”

मग मी वळून पाहिलं. एक गाल टम्म सुजलेला, तरी स्वारी खुदुखुदु हसत होती. डोळे मात्र... जाऊ दे. डोळे छान होते.

हा अल्पेश. वसईजवळच्या चांदीप गावचा. घरी भातशेती, स्वतः वसईत बँकेत. दात बरा झाला आणि आमचं फोनवर त्या मालिकेवरून भांडण सुरू झालं. त्याचा लाडका होता झोपेतच सगळ्यांना सलाम ठोकणारा वॉचमन. एकदा तो चोरालाही सलाम ठोकतो आणि चोर बिचारा ओशाळून सामान परत ठेवतो – हे सांगताना अल्पेशला स्वतःलाच इतकं हसू यायचं की शेवट मलाच सांगावा लागायचा. माझ्या लाडक्या शालिनीबाई. सोसायटीच्या सेक्रेटरी, तोंडाने फटकळ, पण भजी तळली की पहिली बशी वसंतरावांकडे. अल्पेशचं म्हणणं, तिला त्यांची काडीची किंमत नाही, नाहीतर एकदा तरी हो म्हणाली असती. मी म्हणायचे, मग दर वेळी दार कशाला उघडते?

हळूहळू नियमच झाला. एकाने संवाद सुरू केला की दुसऱ्याने तो पुरा करायचा – मग भाजीवाली बघत असो नाहीतर रिक्षावाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं कळलंच नाही. तो भेटणार असला की मी उगाचच पुन्हा पुन्हा केस विंचरायचे. मला तो आवडत होता. खूप.

त्या रविवारी आम्ही समुद्रकाठच्या सुरूच्या बागेत भुट्टे खात बसलो होतो. पाऊस नुसता भुरभुरत होता. माझ्या गालाला चिकटलेला दाणा त्याने अलगद काढला आणि हात मागे घ्यायला विसरला. कोल्हापूरला बदली झाल्याचं त्याने सांगितलं. मग समुद्राकडे बघत तो म्हणाला, “ज्ञानदा... आपलं जमेल का?”

“आधी लिफ्ट सुरू करा, मग बघू.” सवयच ती.

तो हसला. मीही हसले. भुट्टा संपवून तो उठला. पुढे फोन नाही, मेसेज नाही.

मला उमगलं ते पोळ्या लाटताना. बाहेर आईने तोच जुना भाग लावला होता. वसंतराव नाकातून विचारत होते... आणि माझं लाटणं थांबलं. अल्पेश नाकातून बोललाच नव्हता. स्वतःच्या आवाजात बोलला होता, माझं नाव घेऊन. आणि मी त्याला हसत हसत नकार देऊन मोकळी झाले होते. तव्यावरची पोळी करपली.

रिक्षा करून तशीच चांदीपला गेले. दारात त्याच्या आई, कृष्णाबाई, तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं.

“अगो, तूच ती? पानी पी आधी,” त्या म्हणाल्या. “तो आत बॅग भरतो. तोंड पाडून बसलाय नुसता.”

अल्पेश बाहेर आला आणि उंबऱ्यातच थबकला. रिक्षात घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून पळालं.

“मला तू आवडतोस, अल्पेश. कोल्हापूरला जायचंय तर जा. पण माझा होकार घेऊन जा.”

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. वेडा आठवत होता.

“हे... कुठल्या भागातलं?”

“कुठल्याच नाही,” मी म्हणाले. “हे माझं आहे.”

मग त्याने माझा हात धरला, आईच्या देखत, आणि सोडायचं नाव घेईना.